आतोबांची अंगठी माझ्या बोटात

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (तीर्थरूप फक्त आई-वडिलांना, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे मागच्या पत्रावर लाल शाईने लिहून तू पत्र परत पाठवलं होतंस. ते लक्षात ठेवलं आहे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी सकाळी न चुकता घेतेस ना? हे पत्र पुढे वाचण्याआधी ती घेतलेली असावी, एवढीच विनंती. घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे आता नाही. गुरुवारी सकाळी साडेनऊपासून साडेअकरापर्यंत होतं, पण त्याला आता चार दिवस होऊन गेले.

अक्षराबद्दल आधीच माफी मागतो. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला पट्टी आहे, त्यामुळे काना लिहायला जावं तर वेलांटी होते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. नसतं आलं. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस, आणि या हकिकतीत मुद्दा फार उशिरा येतो. मधे त्याच्याकडे जाणारी वाट आहे, आणि ती वाट सांगितल्याशिवाय मुद्दा सांगितला तर तू मला घरात घेणार नाहीस.

तर, आतोबांची अंगठी तू शेजारणीबरोबर पाठवलीस, ती बुधवारी संध्याकाळी सुखरूप पोचली. सोबतची चिठ्ठीही पोचली. (अंगठी माझ्या मापाची लहान करून आण. ओरखडा पडता कामा नये. सोनाराच्या हातात सोडून कुठे जाऊ नकोस. तीन वाक्यं, आणि तिन्हींच्या शेवटी पूर्णविराम असे की जणू खिळे ठोकले आहेत.) मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ही सकाळी कामावर जाताना मला सांगून गेली, की अंगठी डबीत ठेवा, डबी पिशवीत ठेवा, आणि पिशवी हातात धरा, खांद्याला लावू नका. मी हो म्हटलं. मग मी कपबशा विसळत होतो, डबी समोर ओट्यावर होती, आणि माझ्या मनात आलं की डबीपेक्षा बोट जास्त सुरक्षित. डबी पडते, पिशवी विसरते, बोट कुठे जाणार? असा शुद्ध व्यवहारी विचार करून मी अंगठी बोटात घातली.

साबणाच्या हातावर ती सरकन गेली. पेराच्या गाठीवर किंचित थांबली आणि पलीकडे उतरली. मी हात धुतले, पुसले, डबी पिशवीत टाकली, चपला घातल्या, आणि दाराशी आल्यावर वाटलं, उगाच कशाला, सोनारापुढे बोटात घालून जाणं बरं दिसत नाही. म्हणून काढायला गेलो. ती निघाली नाही.

आत्या, आतोबांची बोटं कशी होती ते तुला मी सांगायला नको. मीटर वाचून वाचून, लोकांच्या जिन्याखालच्या कोनाड्यांत हात घालून घालून, लांबसडक आणि बारीक. माझी बोटं आमच्या वडिलांच्या वळणाची, म्हणजे तुझ्याच माहेरची आहेत. त्यांना बोटं म्हणावं की रताळी, असा प्रश्न तूच एकदा भर वर्गात विचारला होतास. मी पुन्हा साबण लावला. तेल लावलं. ओढली, फिरवली, दातांनी धरून पाहिली. (दात सोन्याला लागू दिले नाहीत, ओठ मधे घेतले होते. ओठाचं काय झालं ते विचारू नकोस.) जितकं ओढावं तितकं बोट फुगत गेलं, आणि थोड्या वेळाने अंगठी दिसेनाशी व्हायला लागली, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं आणि ती मधल्या खाचेत जाऊन बसली. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. बोटाचा रंग लाल होता. लाल अजून बरा असतो, हे मला नंतर कळलं.

हात उंच धरला की सूज उतरते, असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी उजवा हात सरळ डोक्यावर धरून रस्त्याला लागलो. तसा चालत असताना समोरून बस आली आणि माझ्यासमोर थांबली. तिथे थांबा नव्हता. थांबा बराच पुढे होता. ड्रायव्हरने दार उघडलं, मी तसाच हात वर ठेवून चढलो, आणि त्याला सांगितलं की मी बस थांबवत नव्हतो, माझं बोट अडकलं आहे. त्याने बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, “मग तर बसाच,” आणि पुढचे दोन थांबे रिकामे दिसले तसे त्याने न थांबताच टाकले. मागून कुणी कुरकुरलंसुद्धा नाही, कारण तोवर माझ्या बोटाची बातमी शेवटच्या बाकापर्यंत गेली होती.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर बाजाराची पिशवी. त्यांनी काही न विचारता पिशवीतून गोठवलेल्या मटारचं पाकीट काढलं, माझा हात खाली ओढला आणि बोटावर ते दाबून धरलं. इतकं गार की डोळ्यांत पाणी आलं. चार थांबे त्या ते दाबून बसल्या, आणि चार थांबे आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, एखाद्या जुन्या नवरा-बायकोसारखे. उतरायची वेळ आली तेव्हा पाकीट माझ्याकडेच ठेवून त्या उठल्या. मी म्हटलं, अहो, तुमचे मटार. “राहू द्या, माझ्याकडे दुसरं पाकीट आहे,” असं म्हणून त्या उतरल्या. बस सुटली तेव्हा खिडकीतून मला त्यांची पिशवी दिसली. पातळ जाळीची पिशवी होती. तीत एक पाव आणि साबणाची वडी होती. दुसरं पाकीट नव्हतं.

मला तेव्हा आधी लाज वाटली आणि मग, कसं सांगू, जरा धीर आला. आपल्यासाठी कुणीतरी एवढ्या सहज खोटं बोललं, म्हणजे आपलं बोट वाचण्यासारखं आहे.

सोनार उतारवयाचा, कमी बोलणारा. त्याने डोळ्याला भिंग लावलं, माझं बोट दिव्याखाली धरलं आणि नखावर दाबून पाहिलं. दाबल्यावर नख पांढरं होऊन परत लाल व्हायला हवं म्हणे. माझं नख पांढरंही झालं नाही आणि लालही झालं नाही, जांभळं होतं ते जांभळंच राहिलं. त्याने खणातून एक छोटं हत्यार काढलं. डबे उघडायच्या चावीसारखं, पुढे दातेरी चकती. “कापावी लागेल. दोन मिनिटांचं काम. मग जोडून, घासून देतो.” मी विचारलं, ओरखडा दिसेल का. तो म्हणाला, “तुम्हाला नाही दिसणार.” मी म्हटलं, माझ्या आत्याला? “त्या काय करतात?” मी सांगितलं, मुख्याध्यापिका होत्या, बत्तीस वर्षं वह्या तपासल्या. त्याने हत्यार खाली ठेवलं. “दिसेल.”

आत्या, आता जे लिहितो त्याला हसू नकोस. त्या वेळी बोट ठणकत होतं, म्हणजे ठणकणं थांबून ते बधिर व्हायला लागलं होतं, आणि मी त्या सोनाराला सांगितलं की कापायची नाही. आतोबांनी ती अडतीस वर्षांत एकदाही काढली नव्हती. दवाखान्यात नर्सने काढा म्हटलं तर त्यांनी तिला चहा पाजून गप्प केलं होतं. ती शेवटी तुझ्याच हाताने काढली गेली, आणि अकरा महिने तुझ्या कपाटात राहिली, आणि आता तू ती बाहेर काढून माझ्याकडे दिलीस. तेवढंच काम मला सांगितलं होतंस. त्यात मी तिचे दोन तुकडे करून आणू?

सोनाराने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दहा पस्तीस. तो म्हणाला, “एक तास देतो. साडेअकराला तुम्ही जिथे असाल तिथे येऊन मी कापणार. मग तुमच्या आत्याला काय म्हणायचं ते मला म्हणू दे. अंगठी दुसरी होते.” बोट दुसरं होत नाही, हे त्याने म्हटलं नाही, पण हत्यार खिशात टाकताना माझ्याकडे पाहिलं त्यात ते होतं. मग दुकानाच्या दाराशी येऊन त्याने समोरच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथे एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांना दोऱ्याने अंगठी काढता येते, त्याने एकदा स्वतः पाहिलं आहे. त्याचं गिऱ्हाईक, पण पाठवलं दुसऱ्याच्या दारात. असा माणूस धंदा कसा करतो कोण जाणे.

मी धावत गेलो. (एक हात वर, एका हातात मटार. मला बघून एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या कडेला झाले आणि त्यांनी मला वाट दिली, मिरवणुकीला देतात तशी.) दुकान सापडलं. दुकानाला कुलूप. दारावर कागद चिकटवलेला, त्यावर सुबक अक्षरात ‘अर्ध्या तासात येते’. अर्धा तास कधीपासून मोजायचा ते लिहिलेलं नव्हतं.

शेजारी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे चारपाच जणांची रांग. मी झेरॉक्सवाल्याला माझी कथा सांगितली. त्याने ताबडतोब बाईंना फोन लावला, आणि फोन कुलपाच्या आत वाजला. आम्ही दोघं तो वाजून थांबेपर्यंत ऐकत उभे राहिलो. मग त्याने काय करावं? मशीन बंद केलं, रांगेतल्या लोकांना म्हणाला, “मी बघून येतो, त्या बहुतेक काजं-बटणांच्या दुकानात असतील नाहीतर बहिणीकडे,” आणि निघून गेला. रांगेतल्या एका मुलीला अकरा वाजता कुठलातरी अर्ज भरायचा होता, ते मला तिच्या हातातल्या कागदांवरून दिसत होतं. तरी तिने झेरॉक्सवाल्याला मागून सांगितलं, की बहिणीकडे आधी बघा, ते जवळ आहे ना.

एव्हाना माझा हात दुखून थरथरायला लागला होता. खाली घेतला की बोटात हातोडी वाजायची, वर धरला की खांदा मोडायचा. रांगेत सगळ्यात मागे एक धिप्पाड माणूस होता. सामान वाहून नेण्याचं काम करणारा असावा, खांद्यावर कातड्याची पट्टी होती. मी मनातल्या मनात त्याचं नाव पैलवान ठेवलं. तो पुढे आला, माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “सोडा. मी धरतो.” मी हात सैल सोडला. त्याने तो वर धरून ठेवला, कपाटाचा कोपरा धरावा तसा, अजिबात न हलवता. असे आम्ही वीस मिनिटं फुटपाथवर उभे होतो. जाणारे-येणारे बघायचे. कुणाला वाटलं असेल मला पकडलं आहे, कुणाला वाटलं असेल मी कुस्ती जिंकलो आहे.

दहा-बारा मिनिटांनी त्याने विचारलं, “कुणाची आहे?” मी आतोबांचं सांगितलं. “मग तुम्ही का घातली?” मी सुरक्षिततेचं सांगायला तोंड उघडलं. पण आत्या, माणूस आपला हात उचलून धरून उभा असताना त्याच्याशी खोटं बोलवत नाही. मी त्याला खरं सांगितलं, आणि आता तुला सांगतो, कारण त्याला माहीत असलेलं तुला माहीत नसावं हे बरोबर नाही. मी ती सुरक्षिततेसाठी घातली नाही. कॉलेजची तीन वर्षं मी तुमच्या घरी राहिलो, तेव्हा आतोबा संध्याकाळी आले की दाराच्या कडीवर अंगठी दोनदा वाजवायचे. टक टक. तू आतून म्हणायचीस, ‘आज कुणाकडे बसला होता?’ आणि ते सांगायचे, की अमक्याच्या घरी मीटर पाहायला गेलो तर त्यांची म्हातारी घरात एकटीच, तिच्याशी चार शब्द बोललो, तमक्याचा नळ गळत होता तो आवळून दिला. रोज उशीर, रोज नवी म्हातारी. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा होता. मी अंगठी घातली आणि ओट्याच्या कडेवर वाजवली. दोनदा. तसा आवाज आला नाही, म्हणून तिसऱ्यांदा वाजवली. त्यात वेळ गेला, हात वाळला, आणि पुढचं सगळं झालं. पैलवानाने ऐकून घेतलं. मग हात दोन बोटं आणखी वर घेतला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शिवणवाल्या बाई आल्या, झेरॉक्सवाला मागे धापा टाकत. बाई तुझ्याच जातकुळीच्या, म्हणजे आल्या आल्या रागावल्या. “एवढं काळं होईपर्यंत काय करत होतात?” मी म्हटलं, तुमची वाट बघत होतो. ते उत्तर त्यांना आवडलं नाही. कुलूप काढलं, मला स्टुलावर बसवलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने त्यांनी रेशमी दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून सरकवलं. ते सरकवताना मी जे काही बोललो ते तू शिकवलेलं नाही. मग उरलेला दोरा अंगठीपासून वर, नखाच्या दिशेने, जवळ जवळ वेढे घेत बोटाभोवती आवळत नेला. सूज दबून बोट रिळासारखं दिसायला लागलं. “आता हे खालचं टोक मी ओढणार, वेढे सुटत जातील तशी अंगठी वर चढत जाईल. हलायचं नाही.”

अंगठी चढायला लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा. दारात सगळी रांग उभी होती. पेराच्या गाठीवर, बरोबर मधोमध, दोरा तुटला.

आता ती खालीही जाईना आणि वरही येईना. आधी होती ती जागा निदान मऊ होती, इथे हाडावर बसली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शिवणवाल्या बाईंचा चेहरा मी पाहिला, त्यांचा हात पहिल्यांदा थांबला होता. भिंतीवर घड्याळ नव्हतं, पण अर्जवाल्या मुलीने विचारल्याशिवाय सांगितलं, “अकरा पंचवीस.” तिचे अकरा केव्हाच वाजून गेले होते. मी बाईंना म्हटलं, सोडून द्या, सोनाराला बोलवा. त्या म्हणाल्या, “गप्प बसा.” खणातले दोरे उपसत त्यांनी कोटाच्या बटणांना लावतात तो जाड, मेण लावलेला दोरा काढला. “हा तुटला तर तुमचं नशीब.” पैलवानाने माझ्या मागे येऊन माझे दोन्ही खांदे धरले. झेरॉक्सवाल्याने मटारचं पाकीट माझ्या मनगटावर धरलं. ते आता वितळून मऊ पडलं होतं, पण त्याचा हेतू गार होता.

मी डोळे मिटले. बाईंनी ओढलं. बोटाचं कातडं निघाल्यासारखं वाटलं (थोडं निघालंच, पट्टी त्याचीच), आणि मग एकदम काहीच वाटेनासं झालं. डोळे उघडले तर बोट मोकळं, आणि अंगठी कुठेच नाही.

ती उडाली होती. फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग घरंगळल्याचा. रांगेतले सगळे पाय एकाच वेळी उचलले गेले. अंगठी उंबरठा ओलांडून फुटपाथवर उतरली, आणि फुटपाथच्या कडेला, आत्या, गटाराची जाळी. मी स्टुलावरून उठायला गेलो ते पडलोच. पैलवान माझ्यावरून उडी मारून गेला. एवढा देह, पण खाली असा आडवा झाला की वाटलं पाण्यात सूर मारला. त्याने जाळीवर तळहात टेकवला. तसाच पडून राहिला. मग त्याने मूठ मिटली, उठला, आणि मूठ माझ्यासमोर उघडली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सोनार दिसला. दुकान बंद करून, हत्यार हातात घेऊन, ठरल्या वेळेला. मोकळं बोट पाहून त्याने आधी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. मग नखावर दाबून पाहिलं. नख पांढरं झालं, आणि हळूहळू, अगदी नाइलाजाने, लाल झालं. मग त्याने भिंग लावून अंगठी फिरवून फिरवून पाहिली. ओरखडा नाही. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा पाहिलं. नाही. “आत काही कोरलं आहे,” तो म्हणाला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने वाचलं.

“वेळेवर घरी ये.”

आत्या, मला माहीत नव्हतं. आणि एवढ्या लोकांत ते वाचलं जाऊ नये, हे मला कळायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून शब्द निघून गेले होते. कुणी हसलं नाही. शिवणवाल्या बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. झेरॉक्सवाल्याने हळूच विचारलं, “यायचे का?” मी म्हटलं, कधीच नाही. तेव्हा मात्र सगळे हसले, आणि मीही हसलो, आणि मग मला तिथेच फुटपाथवर बसावं लागलं. अर्जवाल्या मुलीने पाण्याची बाटली दिली. तिच्या अर्जाचं मी विचारलं तर म्हणाली, उद्याही घेतात. खरं की मटारवाल्या बाईंसारखं, देव जाणे.

मग तुझ्या मापाचा विषय निघाला. सोनार म्हणाला, लहान करायची तर मागचा एक तुकडा काढावा लागेल, आणि अक्षरं सगळीकडून फिरली आहेत, तेव्हा एखादा शब्द जाणार. कुठला जाऊ द्यायचा ते सांगा. यावर फुटपाथवर जी चर्चा झाली ती आमच्या ऑफिसच्या सभेत वर्षभरात झाली नसेल. झेरॉक्सवाल्याचं मत पडलं, की ‘वेळेवर’ गेलं तरी चालेल, त्यांनी ते मानलं कधी होतं. मुलगी म्हणाली, ‘घरी’ काढा, घर म्हटलं नाही तरी कळतंच. सोनाराने कुठलंच मत दिलं नाही. पैलवान म्हणाला, “काही काढू नका.” आणि विषय संपला. शिवणवाल्या बाईंनी तोडगा काढला. अंगठीच्या खालच्या बाजूला बारीक रेशमाचे वेढे घालायचे, सोनेरी रंगाचे, ओळखू येणार नाहीत, आणि ती बोटात घट्ट बसेल. कापणं नाही, घासणं नाही. पाहिजे तेव्हा वेढे सोडले की अंगठी होती तशी.

मी सगळ्यांना चहाला चला म्हटलं. कुणी आलं नाही. झेरॉक्सवाल्याची रांग खोळंबली होती, पैलवानाचं कपाट कुणाच्या तरी जिन्यात अडकून पडलं होतं, सोनार दुकानाकडे वळलाही होता. दोन मिनिटांत गल्ली अशी झाली, की तिथे काही घडलं होतं हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. मी ऑफिसला दीड वाजता पोचलो. हेडक्लार्क रागावले. मला त्यांचा राग आला नाही, दिवसभर कुणाचाच आला नाही. संध्याकाळी बसमधून उतरताना एका बाईंची पिशवी उतरवायला मी थांबलो, मग त्यांचा पत्ता सापडत नव्हता तो शोधून दिला, आणि घरी यायला तासभर उशीर झाला. हिने दार उघडून विचारलं, ‘कुठे बसला होतात?’

हे असं आहे. घरी सर्व क्षेम. हिचा तुला नमस्कार. शेजारणीला सांग, अंगठी पोचली आणि पोचवण्याजोगी राहिली. चुकलेल्या वेलांट्यांखाली खुणा करून ठेव, पट्टी निघाली की दुरुस्त करून पाठवतो.

तुझा आज्ञाधारक (आता तरी),
भाचा

ता. क. अंगठी माझ्याकडेच आहे, डबीत, डबी कपाटात, कपाटाची किल्ली हिच्याकडे. ती पोस्टाने पाठवणार नाही. शिवणवाल्या बाई म्हणतात, वेढे अंदाजाने घालता येत नाहीत, बोट प्रत्यक्ष समोर हवं. तेव्हा तुला इकडे यावं लागेल. अकरा महिन्यांत तू डॉक्टरकडे सोडून फाटकाबाहेर पडली नाहीस, हे मला माहीत आहे. येत्या शनिवारची सकाळची गाडी बरी आहे, गर्दी नसते, मी स्टेशनवर असेन. सोनाराने मला आत्या कधी येणार म्हणून दोनदा विचारलं आहे. त्याला बहुतेक तुझी भीती वाटते, पण तुला बघायचंही आहे.

ता. क. दुसरा. हिने पत्र वाचलं, आणि खोटं लिहिलेलं पाकिटात घालू देत नाही. म्हणून लिहितो. शिवणवाल्या बाई तसं काही म्हणालेल्या नाहीत. बोटाला दोरा गुंडाळून, खूण करून पाठवलास तरी पुरेल, असं त्या म्हणाल्या. तर हवं असेल तर दोरा पाठव. पण तो मला मिळाला तरी मी तो हरवणार आहे, हे आधीच कळवून ठेवतो. दुसरा पाठवलास तर दुसराही.